रंजनासाठी वाचन : संकोच कशाचा?

ग्रंथालयात प्रेमकथेची कादंबरी मागताना अनेक वाचकांचा आवाज आजही खाली येतो. बालविभागातून 'फास्टर फेणे' उचलणारे गृहस्थ पुस्तक नातवासाठी असल्याचे कोणी न विचारताच सांगून टाकतात. दोन्हींच्या मुळाशी एकच समजूत आहे: ज्ञान वा बोध न देणारे, निव्वळ आनंदाचे वाचन दुय्यम होय.

ही समजूत जुनी आहे. ना. सी. फडके यांनी आनंद हेच कलेचे प्रयोजन मानले, तेव्हा 'कलेसाठी कला की जीवनासाठी कला' हा वाद रंगला. प्रतिपक्षाचे अग्रणी वि. स. खांडेकर हे अनेक वर्षे गोव्याच्या वेशीलगतच्या शिरोड्यात शिक्षक होते. फडक्यांवर टीका पुष्कळ झाली. पण १९४० मध्ये रत्नागिरीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांना लाभले.

लोकप्रिय कादंबरीकार चंद्रकांत काकोडकर यांच्या वाट्याला मात्र खटला आला. 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातील त्यांच्या 'शामा' या कथेवर अश्लीलतेचा आरोप झाला. दंडाधिकाऱ्यांनी त्यांना निर्दोष ठरविले, मुंबई उच्च न्यायालयाने दोषी. अखेर १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची मुक्तता केली. कथेचा वाङ्मयीन दर्जा उच्च नसेल, असे न्यायालयानेही म्हटले. परंतु ती वाचून वाचक, अगदी किशोरवयीनही, बिघडतील असे त्यास वाटले नाही. सुमार असणे आणि घातक असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा भेद घरोघरच्या वडीलधाऱ्यांनी क्वचितच केला असेल. त्याच वर्षी काकोडकरांच्या 'नीलांबरी' या कादंबरीवर आधारित 'दो रास्ते' हा हिंदी चित्रपट गाजला.

प्रणयकथेचा शेवट वाचकाला बहुधा ठाऊक असतो. नायक-नायिका एकत्र येणार, हे ठरलेलेच. उत्सुकता असते ती कसे येणार याची. कीर्तनाला बसलेल्या श्रोत्यालाही आख्यान माहीत असते. बालवाङ्मयाचे आकर्षण निराळे. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे मोठेपणी पुन्हा भेटतो, तेव्हा लहानपणी केवळ साहसाकडे धावणारे लक्ष वाक्यांतील मिस्कीलपणावर थबकते. शिवाय सोपी पुस्तके भराभर संपतात आणि सुटलेली वाचनाची सवय परत जडते, हा लाभ काही लहान नव्हे.

ग्रंथालयशास्त्रज्ञ शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच नियमांपैकी दुसरा सांगतो की, प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे. वाचनाचे कारण द्यावे, अशी अट त्यात नाही. १८३२ पासूनच्या सार्वजनिक ग्रंथालयाचा वारसा पणजीत असलेल्या गोव्याला हा नियम परका वाटू नये. अडचण व्यवहारात आहे. संकोचापायी मागणी बोलून दाखविली जात नाही, नोंदवहीत उतरत नाही. मग खरेदीची यादी करणाऱ्यांना ती कळावी कशी?