प्रिंटर बिघडला, की दुभाषा हरवला?

शाळेत नवा संगणक येतो. जुना प्रिंटर आणि स्कॅनर त्याला जोडला जातो. दिवा लागतो, कागद सरकल्याचा आवाजही येतो, पण पडद्यावर संदेश उमटतो : ड्रायव्हर उपलब्ध नाही. दुकानदार सांगतो, "सर, हे मॉडेल आता चालत नाही, नवं घ्या." कालपर्यंत उताऱ्यावर उतारे काढणारे यंत्र एका रात्रीत भंगारात जमा होते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टीमची नियमित मोफत देखभाल थांबवली. त्यामुळे हा प्रश्न अनेक शाळांच्या कार्यालयांत आला आहे, किंवा लवकरच येईल. रेणापूरसारख्या तालुक्याच्या गावी त्याचा अर्थ सरळ आहे. प्रिंटर पिशवीत घालून लातूर गाठायचे किंवा सादिलातून नव्या यंत्राची तरतूद करायची. त्याआधी एक गोष्ट तपासून पाहण्यासारखी आहे : नेमके काय बिघडले?

बहुतेक वेळा यंत्रातले काहीच बिघडलेले नसते. संगणक आणि प्रिंटर यांची भाषा एक नाही. संगणकाचे म्हणणे प्रिंटरच्या भाषेत सांगणारा जो दुभाषा असतो, त्या प्रोग्रामला 'ड्रायव्हर' म्हणतात. संगणक बदलला आणि नव्या घरात हा दुभाषा नसला, की दोन धडधाकट माणसे एकमेकांसमोर मुकी बसावीत तशी अवस्था होते.

ही भाषा कशी असते हे पाहायला जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर सर्वांत चांगला. त्याच्या डोक्यात उभ्या रांगेत बारीक सुया असतात. सुई पुढे आली की शाईच्या फितीवर आपटते आणि कागदावर ठिपका उमटतो. एप्सन कंपनीने अशा प्रिंटरांसाठी जी आज्ञांची भाषा ठरवली, ती पुढे इतर अनेक कंपन्यांनी उचलली. आपल्याकडच्या टीव्हीएसच्या प्रिंटरांनाही ती समजते. तिच्यात चित्र काढण्याची रीत अशी : आठ सुयांना वरून खाली १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १ अशा किमती द्यायच्या. ज्या सुया मारायच्या त्यांच्या किमतींची बेरीज करून पाठवायची. फक्त सर्वांत वरची सुई हवी असेल तर १२८. आठही हव्या असतील तर २५५.

आता आपला 'म' काढू. त्याची गाठ सध्या सोडून देऊ.

२७, ७५, ६, ०, २४८, १३६, १३६, १३६, २५५, १२८

पहिले दोन आकडे म्हणजे "आता चित्र येत आहे" ही सूचना. पुढचे ६ आणि ० सांगतात की चित्र सहा उभ्या ओळींचे आहे. उरलेले सहा आकडे म्हणजे अक्षर. २४८ म्हणजे वरच्या पाच सुया, ही डावीकडची दांडी. १३६ म्हणजे १२८ अधिक ८, अर्थात शिरोरेषा आणि मधली आडवी रेघ. २५५ ही उजवीकडची पूर्ण दांडी आणि शेवटी उरते ती शिरोरेषा. कागदावर हे अक्षर सुमारे अडीच मिलिमीटर रुंद उमटते. आलेखाच्या कागदावर मुलांकडून हे करून घ्यावे. 'ग' आणि 'र' यांचे आकडे मुले पाच मिनिटांत काढतात, 'क्ष'ला मात्र आठ सुया अपुऱ्या पडतात, आणि तेथून बोलणे आपोआप ठिपक्यांच्या घनतेकडे वळते. द्विमान पद्धतीचा याहून जिवंत धडा मला माहीत नाही. या प्रिंटरांच्या पोटात मुळात रोमन अक्षरेच साठवलेली असत. देवनागरी त्यांच्याकडून काढून घ्यायची तर ती अशी चित्र म्हणून पाठवता येई.

आपल्या मुद्द्यासाठी महत्त्वाचे हे, की आज्ञांची ही सगळी यादी प्रिंटरबरोबर येणाऱ्या पुस्तिकेत छापलेली असे. भाषा उघड होती. म्हणून कंपनीने लक्ष काढून घेतले तरी कोणीही नवा दुभाषा तयार करू शकतो. हीच गोष्ट १९८४ च्या सुमारास आलेल्या पीसीएल आणि पोस्टस्क्रिप्ट या लेसर प्रिंटरांच्या भाषांची. त्या समजणारे तीस वर्षांपूर्वीचे प्रिंटरही सर्वसाधारण ड्रायव्हरवर आज चालवता येतात.

मग अडते कोठे? स्वस्त लेसर प्रिंटरांपाशी. ए-४ कागदावर इंचाला ६०० ठिपके या घनतेने छापायचे तर आडवे सुमारे ४,९६० आणि उभे ७,०१६, म्हणजे जवळजवळ ३ कोटी ४८ लाख ठिपके होतात. एका ठिपक्याला एक बिट धरली तरी पानाला चार मेगाबाइटहून अधिक जागा लागते. झेरॉक्सच्या दुकानांत आणि कचेऱ्यांत हमखास दिसणाऱ्या एचपी लेसरजेट १०२० किंवा कॅनन एलबीपी २९०० यांची स्मृती अवघी २ मेगाबाइटची. पूर्ण पान तिच्यात मावतच नाही. म्हणून पानाचे ठिपक्यांत रूपांतर करण्याचे सगळे काम संगणकावर सोपवलेले असते. तो ठिपके दाबून, पट्ट्यापट्ट्यांनी प्रिंटरकडे पाठवतो. कागद एकदा सरकू लागला की मध्ये थांबत नाही, त्यामुळे पुढची पट्टी वेळेवर पोचलीच पाहिजे. १०२० ची तर आणखी गंमत आहे : बंद केला की तो आपले कामही विसरतो. दर वेळी सुरू झाल्यावर संगणकाने त्याला ते नव्याने शिकवावे लागते.

या युक्तीने प्रिंटर स्वस्त झाला, हे खरे. पण त्याची अर्धी बुद्धी ड्रायव्हरमध्ये राहिली, आणि त्याची भाषा पुस्तिकेत छापलेली नव्हती. दुभाषा गेला की असा प्रिंटर नुसता मुका होत नाही, अर्धवट होतो.

दुभाषा जातो कसा, हेही पाहू. ड्रायव्हर हा सुटा प्रोग्राम नसतो, तो ऑपरेटिंग सिस्टीमच्या अंगात मिसळून चालतो. जुन्या विंडोज बहुधा ३२ बिटांच्या होत्या. स्मृतीतील प्रत्येक जागेचा पत्ता ३२ बिटांत लिहिला जाई, म्हणजे एकूण सुमारे ४२९ कोटी पत्ते. ६४ बिटांच्या प्रणालीत पत्त्याची लांबीच दुप्पट असते. सहा आकड्यांचा पिनकोड गृहीत धरून बनवलेल्या रकान्यात बारा आकडे कोंबले तर काय होईल? तसेच येथे होते. विंडोज ११ तर फक्त ६४ बिटांतच मिळते. कंपनीने ६४ बिटांचा ड्रायव्हर काढलाच नसेल तर जुना तेथे चालणार नाही, कितीही वेळा सीडी घाला.

स्कॅनरची दशा प्रिंटरपेक्षा वाईट. प्रिंटरांच्या निदान दोन-चार सामाईक भाषा होत्या. जुन्या स्कॅनरमध्ये मात्र मोटार किती पावले सरकवायची, दिवा कधी लावायचा, पांढऱ्या पट्टीवरून उजेड कसा जुळवायचा, हे बहुधा प्रत्येक घराण्याचे वेगळे. म्हणून शाळेत पहिला बळी बहुधा स्कॅनरचा जातो.

तरीही मार्ग आहेत. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात 'सेन' नावाचा एक मुक्त प्रकल्प सुरू झाला. त्यातल्या कार्यकर्त्यांनी काही स्कॅनरांची भाषा चक्क कान देऊन शिकून घेतली. जुन्या विंडोजवर स्कॅनर चालू असताना केबलमधून कोणते आकडे जातात ते टिपायचे आणि त्यावरून व्याकरण बांधायचे. लहान मूल घरातले बोलणे ऐकून भाषा शिकते, तसेच. कॅनोस्कॅन लाइड २०, २५, ३० हे स्कॅनर या प्रकल्पामुळे लिनक्सवर चालतात. प्रिंटरांसाठी लिनक्सवर 'कप्स' ही व्यवस्था आहे, आणि १०२० च्या कुटुंबासाठी तशाच स्वयंसेवकांनी लिहिलेला ड्रायव्हरही आहे. संगणकावर काही न बसवता पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून अर्ध्या तासात पडताळा घेता येतो. यंत्र टाकून देण्याआधी एवढे करावेच.

दुसरा मार्ग आपल्या शाळांना अधिक सोयीचा वाटतो. ज्या जुन्या संगणकावर प्रिंटर चालत होता, तोच दुभाषा म्हणून ठेवावा. त्याचे इंटरनेट काढून घ्यावे, कारण देखभाल थांबलेली प्रणाली जाळ्यावर ठेवणे धोक्याचे असते. दाखले स्कॅन करून पेन ड्राइव्हने नव्या संगणकावर न्यावेत, मात्र पेन ड्राइव्ह विषाणूंसाठी तपासूनच. कोणत्याही संकेतस्थळावरून 'फुकट ड्रायव्हर' उतरवण्यापेक्षा हे किती तरी बरे. ड्रायव्हर घ्यायचा तो उत्पादकाच्याच ठिकाणाहून.

जुन्या जाड पॅरलल केबलच्या प्रिंटरला यूएसबीत बदलणारी दोरी मिळते आणि प्रिंटरला ती बहुधा चालते. त्याच जातीच्या स्कॅनरला चालत नाही, तेव्हा त्यासाठी पैसे घालवू नयेत. डॉट मॅट्रिक्ससाठी विंडोजमधला 'जेनेरिक टेक्स्ट' हा ड्रायव्हर इंग्रजी मजकूर व्यवस्थित छापतो, पण त्यातून मराठी येत नाही. कारण वर पाहिलेच : तो अक्षरे पाठवतो, चित्र पाठवत नाही. आणि ड्रम झिजला असेल, किंवा इंकजेटचे डोके वाळून बंद झाले असेल, तर मात्र दुकानदाराचे म्हणणे खरे मानावे.

नवे यंत्र घेण्याची वेळ आलीच, तर मिनिटाला किती पाने, एवढे विचारून थांबू नये. पीसीएल किंवा पोस्टस्क्रिप्ट समजते का, आणि ड्रायव्हरशिवाय, आयपीपी किंवा एअरप्रिंट पद्धतीने छापते का, हे विचारावे. मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्येच जाहीर केले आहे की कंपन्यांचे स्वतंत्र प्रिंटर-ड्रायव्हर विंडोजच्या मार्फत पुरवणे टप्प्याटप्प्याने बंद होणार. दुकानदाराला उत्तर ठाऊक नसेल तर खोक्यावरची बारीक अक्षरे वाचावीत. ती माहिती बहुधा तेथे छापलेली असते.