एक काडी रेंज, पण शिकवणी फुल्ल!

टॅब नाहीत, स्मार्ट बोर्ड नाही, वायफाय तर विसराच! तरीही रेडिओ, भोंगा, साधा फोन आणि एखादाच स्मार्टफोन यांच्या जिवावर शाळा चालू शकते. फक्त पलीकडे कुणीतरी माणूस हवा.

मीटिंग ऐन रंगात आलेली असते. बॉसचा चेहरा स्क्रीनवर मध्येच गोठतो, तोंड उघडंच राहतं आणि आपण मनातल्या मनात नेटवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. दोन मिनिटं नेट गेलं तर जीव कासावीस! आपल्या डोक्यात एक गणित अगदी फिट्ट बसलंय. स्पीड जास्त, म्हणजे काम जास्त. मग खेड्यातल्या शाळेचा विषय निघाला की तेच गणित आपण तिकडेही लावतो. मुलं मागे पडतायत? टॅब द्या. स्मार्ट टीव्ही लावा. वायफाय टाका. प्रॉब्लेम सॉल्व्ह्ड!

इतकं सोपं असतं तर आणखी काय हवं होतं?

फायबर इकडे, तिसरी तिकडे

छत्रपती संभाजीनगरहून पैठणला तुम्ही कधी ना कधी गेला असालच. नाथसागर बघायला, पैठणी घ्यायला, नाहीतर रविवारी नुसतीच बाइक काढून. याच रस्त्यावर बिडकीन लागतं. शहरापासून साधारण २० किलोमीटर. २९ सप्टेंबर २०२४ ला इथल्या ७,८५५ एकरांच्या औद्योगिक क्षेत्राचं पंतप्रधानांच्या हस्ते लोकार्पण झालं. त्याच वर्षी ३१ जुलैला टोयोटा किर्लोस्करनं इथे प्रकल्प उभारण्यासाठी राज्य सरकारशी सामंजस्य करार केला. रुंद रस्ते, जमिनीखालून जाणाऱ्या वाहिन्या, हायस्पीड नेट... 'ऑरिक'चं ब्रोशर वाचलं तर आपण मराठवाड्यात आहोत की सिंगापुरात, असा प्रश्न पडावा!

या रस्त्यानं जाताना मला मात्र कंपन्यांपेक्षा दप्तरं जास्त दिसतात. ही जमीन आसपासच्या गावांतल्या शेतकऱ्यांची होती. त्या घरांमधलं आज तिसरीत असलेलं पोरगं दहा-अकरा वर्षांनी नोकरीच्या रांगेत उभं राहील. तेव्हा त्याला गेटवरची खुर्ची मिळणार की आत मशीनपुढची जागा, हे तेव्हाच्या इंटरव्ह्यूत ठरणार नाही. ते आत्ता ठरतंय, तिसरीच्या वर्गात.

आणि तिसरीच्या वर्गाची हालत काय आहे? 'असर २०२४' या देशभरातल्या ग्रामीण पाहणीचा आकडा बघा. सरकारी शाळांमधल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा धडा वाचता येणारी मुलं होती २३.४ टक्के. म्हणजे चारातल्या तिघांहून जास्त मुलांना तो वाचता येत नव्हता. फायबर आज ना उद्या प्रत्येक शाळेत पोचेलही. पण तिसरी आयुष्यात एकदाच येते, ती फायबरची वाट बघत थांबत नाही. म्हणून मुद्दा असा, की आहे त्या रेंजमध्ये काय करता येईल?

गाडीवाटचे 'विषय मित्र'

उत्तर याच जिल्ह्यात आहे. शहरापासून सुमारे २५ किलोमीटरवरचं गाडीवाट. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये इथल्या जिल्हा परिषद शाळेनं चौथी ते आठवीच्या मुलांना परदेशी भाषा शिकवायचं ठरवलं. कोणती शिकायची, हे मुलांनाच विचारलं. बहुतेकांनी सांगितलं, जपानी! का? तर रोबो आवडतात म्हणून. आहे की नाही भन्नाट?

गावात ना जपानीचं पुस्तक, ना शिकवणारा. शिक्षकांनी इंटरनेटवरचे व्हिडिओ आणि भाषांतराची अॅप यांच्या मदतीनं सुरुवात केली. पुढे शहरातले एक जपानीचे जाणकार मदतीला आले आणि २०२० च्या जुलैपासून, म्हणजे लॉकडाउनच्या काळात, त्यांचे ऑनलाइन तास सुरू झाले.

आता खरी अडचण. स्मार्टफोन सगळ्यांच्या घरी कुठे होते? आपण असतो तर इथेच 'फंड नाही' म्हणून फाइल बंद केली असती. शाळेनं काढलेला उपाय मात्र शून्य रुपयांचा होता, 'विषय मित्र'! ज्याच्या घरी फोन आहे त्यानं ऑनलाइन तासाला बसायचं आणि तो धडा नंतर बाकीच्या मुलांना शिकवायचा. साडेतीनशेच्या आसपास पटाच्या या शाळेत सत्तरहून जास्त मुलं अशी जपानी शिकत होती.

या जुगाडाकडे जरा आपल्या आयटीच्या नजरेनं बघा. सिग्नल गावातल्या मोजक्या फोनपर्यंतच पोचला. तिथून पुढचं अंतर मुलांनी चालत कापलं, एका ओट्यावरून दुसऱ्या ओट्यावर. शिवाय शिकवणारा पोरगा दोनदा शिकला, ते वेगळंच. एकदा ऐकताना आणि एकदा समजावताना.

धड्याचं वजन किती?

बँडविड्थ म्हणजे पाइप. पाइप बारीक असेल तर त्यातून हत्ती ढकलण्यात अर्थ नाही, मुंगी पाठवायची. दहा मिनिटांचा बऱ्यापैकी क्वालिटीचा व्हिडिओ सहज ७०-७५ एमबीपर्यंत जातो. तीच दहा मिनिटं व्हॉइस नोटसारख्या हलक्या ऑडिओत साधारण सव्वा एमबीत मावतात. साठपट फरक! साध्या जोडाक्षरांच्या सरावाला व्हिडिओ लागतो का? गोष्टीला लागतो का?

एसएमएसची तर आणखी गंमत. इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात, पण देवनागरीत लिहिलं की मर्यादा थेट ७० वर येते. काना-मात्रा-वेलांटीही त्यातच मोजायच्या. म्हणजे 'रामूकडे १२ बोरं होती' इथून सुरू होणारं गणित बोरं वाटून संपेपर्यंत सत्तरीत बसवायचं. करून बघा, घाम फुटतो! पण असं गणित अगदी साध्या बटणांच्या फोनवरही पोचतं. त्याला ना डेटा पॅक लागतो, ना अॅपचं अपडेट.

आणि मिस्ड कॉल! कॉलेजात पैसे वाचवायला आपण जे केलं, तेच इथे कामाला येतं. पालकानं एका नंबरवर मिस्ड कॉल द्यायचा. पलीकडून कॉम्प्युटरचा फोन येतो, गोष्ट ऐकवतो, प्रश्न विचारतो आणि मूल बटण दाबून उत्तर देतं. खर्च फोन करणाऱ्या संस्थेचा, पालकाचा नाही.

भोंगा, रेडिओ आणि बारकोडचा भाऊ

२०२० मध्ये शाळांना कुलूप लागलं तेव्हा महाराष्ट्रात असे प्रयोग बरेच झाले. पालघर जिल्ह्यातल्या दांडवळ आणि आसपासच्या सहा गावांत दिगंत स्वराज फाउंडेशननं 'बोलकी शाळा' सुरू केली. रेकॉर्ड केलेला धडा आणि तो ऐकवणारा लाउडस्पीकर! भोंगा गावात यायचा आणि मुलं अंतर ठेवून बसायची. सुमारे हजार मुलांपर्यंत ही शाळा पोचली. तिकडे नागपूर आकाशवाणीवरून 'प्रथम'च्या सहभागानं 'शाळेबाहेरची शाळा' लागायची, तर २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची 'टिलीमिली' सुरू झाली. तिचा आधार होता बालभारतीची पुस्तकं.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींची गोष्ट तर तुम्हाला माहीत असेलच. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड चिकटवायची त्यांची कल्पना पुढे राज्यानं उचलली आणि २०२० मध्ये त्यांना दहा लाख डॉलरचा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला. जगाला लक्षात राहिली ती बक्षिसाची रक्कम. मला जास्त सही वाटतो तो त्यामागचा हिशेब. क्यूआर कोड म्हणजे कागदावरची थोडीशी शाई. रेंज असेल तेव्हा स्कॅन करा, धडा फोनमध्ये उतरवून ठेवा आणि रेंज नसेल तेव्हा वर्गात दाखवा. नेट सतत लागत नाही, एकदाच लागतं.

याच तत्त्वावर चालतात ते ऑफलाइन सर्व्हर. रास्पबेरी पायसारखा तळहाताएवढा कॉम्प्युटर, त्यात 'कोलिब्री'सारखं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आणि आधीच भरून ठेवलेले धडे. बटण दाबलं की वर्गापुरतं वायफाय तयार. बाहेरच्या जगात नेट असो वा नसो, वर्गातल्या जुन्या फोनवर सगळं उघडतं.

पण थांबा, इथेच गोची आहे

धडा पोचला म्हणजे मूल शिकलं का? हा प्रश्न आपण विचारतच नाही. कुरिअर 'डिलिव्हर्ड' दाखवतं आणि आपण खूश!

१९७० च्या दशकात निकाराग्वामध्ये रेडिओवरून गणित शिकवायचा एक प्रयोग झाला. तिथल्या रेडिओची खासियत काय होती? तो गप्प बसायचा! प्रश्न विचारायचा आणि थांबायचा. मुलं मोठ्यानं उत्तर द्यायची, मग रेडिओ पुढे जायचा. नुसतं ऐकणं आणि उत्तर देणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. त्या मुलांच्या गणितात चांगलीच सुधारणा झाली.

दुसरा दाखला कोरोनाकाळातला, आफ्रिकेतल्या बोट्स्वानाचा. सुमारे साडेचार हजार घरांचे गट पाडले गेले. काहींना दर आठवड्याला एसएमएसवर गणितं पाठवली. काहींना एसएमएस आणि त्यासोबत पंधरा-वीस मिनिटांचा एक फोन. फोन करणारा शिकवणारा मुलाशी बोलायचा, त्याला कुठवर येतं ते बघायचा आणि तिथून पुढे न्यायचा. २०२२ मध्ये निकाल छापून आला. ज्यांना फोनही यायचा ती मुलं ठळकपणे पुढे गेली, नुसत्या एसएमएसचा म्हणावा तसा परिणाम दिसला नाही. पुढे भारतासह पाच देशांत हा प्रयोग करून बघितला गेला आणि तिथेही फोनची जादू चालली.

म्हणजे एसएमएस काय किंवा फोन काय, दोन्ही तंत्रं तशी जुनाटच. फरक पडला तो पलीकडच्या माणसामुळे.

आता आपल्याकडे या. 'असर'नुसार २०१८ मध्ये ग्रामीण भारतातल्या शाळकरी मुलांपैकी ३६.५ टक्क्यांच्या घरी स्मार्टफोन होता. २०२० मध्ये हा आकडा ६१.८ टक्के झाला. २०२४ मध्ये १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी जवळपास ९० टक्क्यांच्या घरी फोन आला. वा! पण त्याच पाहणीत फोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ५७ टक्क्यांनी आधीच्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता आणि ७६ टक्क्यांनी सोशल मीडियासाठी. यात मुलांना कशाला नावं ठेवायची? माझं-तुमचं प्रमाण काढलं तर आपलीच लाज निघेल!

फोन घरात आलाय, रेंजही येतेय. अभ्यासाचं विचारणारं माणूस मात्र प्रत्येक घरात नाही. आई-बाप रानात नाहीतर कामावर, आणि बऱ्याच घरांत शाळेत जाणारी ही पहिलीच पिढी.

मग आपण काय करायचं, बॉस?

दर दिवाळीला ऑफिसच्या ग्रुपवर 'कॉन्ट्री काढून एखाद्या शाळेला टॅब देऊ या' असा मेसेज येतोच. भावना उत्तम. पण पैसे काढण्याआधी हे जरूर बघा:

• आधी शाळेला विचारा. वीज किती तास असते, रेंज कुठे येते, बिघडलं तर दुरुस्त कोण करणार? ही तीन उत्तरं मिळाल्याशिवाय काहीही विकत घेऊ नका.

• आहे तेच वापरा. गावात कोणतं यंत्र आधीच घरोघरी आहे? साधा फोन, टीव्ही की देवळावरचा भोंगा? त्याच्यावर बसेल असा धडा निवडा.

• वजन कमी करा. व्हिडिओच्या जागी ऑडिओ चालत असेल तर ऑडिओ. ऑडिओच्या जागी कागद चालत असेल तर कागद.

• जुना फोन कपाटात कुजवू नका. फॉर्मॅट करून, चार्जरसकट आणि धडे भरून द्या. नुसता फोन दिलात तर त्यात पहिल्यांदा गेम येईल!

• आणि सगळ्यात महत्त्वाचं, वेळ द्या. शाळेच्या आणि पालकांच्या परवानगीनं, शिक्षकांना विचारून, एका मुलाला आठवड्यातून वीस मिनिटं फोन. गोष्ट वाचून घ्या, दोन गणितं घाला, चुकलं तर न ओरडता परत सांगा. आणि दर आठवड्याला न चुकता करा. दोन आठवड्यांत उत्साह मावळणार असेल, तर सुरूच करू नका.

बिडकीनच्या त्या रुंद रस्त्यांवर उद्या मोठमोठ्या कंपन्यांच्या बसेस धावतील. त्यात आजूबाजूच्या गावांतली किती पोरं बसलेली असतील, हे टोयोटाच्या हातात नाही. पाच-सात वर्षं कुणीतरी त्यांना दर आठवड्याला 'काय रे, कुठवर आलास?' असं विचारलं असेल, तर आकडा नक्कीच वेगळा असेल. त्या प्रश्नाला एक काडी रेंज पुरते.