ओए पिता-पुत्र : कौतुकाआधीची पानं

गंभीर आजार आणि अपंगत्व घेऊन जगणाऱ्या मुलाबद्दल आईबाप लिहायला बसले की पहिल्या पानापासून कौतुक सुरू होतं. मूल म्हणजे देवाघरची ठेव, त्यानंच आम्हाला जगायला शिकवलं, वगैरे. हे खोटं असतं असं नाही. पण त्याआधीची पानं बहुधा फाडून टाकलेली असतात. केंझाबुरो ओए या जपानी कादंबरीकारानं ती फाडली नाहीत. जून १९६३ मध्ये त्यांचा मुलगा हिकारी जन्मला तो डोक्याला मोठी गाठ घेऊन. मेंदूचा काही भाग कवटीबाहेर आलेला होता. शस्त्रक्रिया केली नाही तर मूल जाणार, केली तर वाचेल पण मेंदूला कायमची इजा राहील, असा पेच होता. ओए तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी त्यांनी या प्रसंगावर दोन गोष्टी लिहिल्या. एका कथेतला बाप बाळाला मरू देतो आणि मग त्याच्या भासानं पछाडला जातो. ‘अ पर्सनल मॅटर’ या कादंबरीतला बाप दारू पितो, मैत्रिणीच्या घरी दडून बसतो, बाळ आपसूक मरावं म्हणून वाट बघतो आणि अगदी शेवटी शस्त्रक्रियेला तयार होतो. हा शेवट कादंबरीकार मिशिमासह काहींना फार गोड वाटला. आक्षेपात तथ्य आहे. पण त्याआधीची पानं इतकी कडू आहेत की तेवढ्यानं ती गोड होत नाहीत.

हा कडूपणा आणि पुढचं कौतुक यांच्या मध्ये हिरोशिमा आहे. १९६३ च्या उन्हाळ्यात, मूल इस्पितळात असताना, ओए तिथं वार्तांकनाला गेले. किरणोत्साराच्या रोग्यांवर उपचार करणारे डॉक्टर त्यांना भेटले. त्यांतले काही स्वतःच बॉम्बच्या तडाख्यातून वाचलेले. बरं करू शकू अशी खात्री नसताना ही माणसं रोज कामावर येत होती. माझ्या मते ओएंच्या कौतुकाचं बी इथं पडलं. ते दयेतून आलं नाही. इलाज नसलेल्या अवस्थेतही माणूस नेटानं कसा वागतो, हे बघण्यातून आलं. हिकारीला पुढे फेफरं येत राहिली, दृष्टी अधू होती, बोलणं जवळजवळ नव्हतंच. पक्ष्यांच्या आवाजांची ध्वनिमुद्रिका मात्र तो तासन्‌तास ऐके. साधारण सहा वर्षांचा असताना, बापाच्या खांद्यावर बसून रानात फिरताना एक पक्षी ओरडला आणि पोरगं ध्वनिमुद्रिकेतल्या निवेदकाच्या सुरात म्हणालं, हा कुइना. पुढे पियानोची शिकवणी लागली, तो स्वतः रचना करू लागला आणि १९९२ मध्ये त्याच्या संगीताची पहिली सीडी आली.

इथं दोन आक्षेप येतात. पहिला असा, की बापानं मुलाच्या दुखण्याचं साहित्य केलं आणि १९९४ चं नोबेलही मिळवलं. मुलाची संमती कुणी घेतली होती, या प्रश्नाला खरंच उत्तर नाही. पण ओएंनी उघडं पाडलं ते प्रामुख्यानं स्वतःला, हेही नोंदवायला हवं. दुसरा आक्षेप जास्त बोचरा : हिकारी संगीतकार झाला म्हणून कौतुक, ज्याला काहीच जमत नाही त्या मुलाचं काय? शिवाय सीडी खपल्या त्या बापाच्या नावावर, असंही म्हणता येईल. खपाचं सोडा. स्टॉकहोमच्या नोबेल भाषणात ओए म्हणाले की मुलाच्या नंतरच्या रचनांमध्ये त्यांना रडणाऱ्या, काळोख्या आत्म्याचा आवाज ऐकू येतो. निव्वळ कर्तबगारी मिरवायची असती तर बापानं हे ऐकलं नसतं, ऐकलं तरी जगासमोर बोलला नसता. त्यांना भावलं ते हेच, की हा मुलगा सोसतो आणि त्या सोसण्याला स्वतःचा आकार देतो.

मुलाला स्वतःचा आवाज सापडला, आता आपण कादंबऱ्या थांबवतो, असंही त्यांनी नोबेलच्या सुमारास जाहीर केलं होतं. ते काही टिकलं नाही. १९९९ मध्ये नवी कादंबरी आलीच. आणि २००९ च्या कादंबरीत, वयाची सत्तरी ओलांडल्यावर, त्यांनी पुन्हा एक बाप रंगवला. दिवंगत मित्राकडून आलेल्या बीथोवनच्या स्वरलिपीवर मुलानं बॉलपेननं खुणा केल्या म्हणून तो त्याला ‘मूर्ख’ म्हणतो, एकदा नव्हे, दोनदा. मुलगा भांडत नाही, फक्त बापाशी अंतर राखू लागतो आणि कादंबरीचा बराचसा भाग हा अबोला सुटत नाही.