जीपचा धाकटा दांडा

महिंद्राच्या जुन्या जीपमध्ये गिअरच्या मोठ्या दांड्याशेजारी फोर-व्हील टाकण्याचा एक धाकटा दांडा असतो. काही मॉडेलांत असे दोन असतात. कित्येक मालक तो वर्षानुवर्षं हलवत नाहीत. डांबरी रस्त्यावर त्याचं काम पडत नाही, आणि एकदा टाकला तर परत निघेल का, ही धास्तीही असते. डिझेल वाचेल म्हणून पुढचा शाफ्ट काढून गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या जीपही खेडोपाडी दिसतात. मालकाचं लक्ष इंजिनावर. ते एका हाकेत सुरू झालं की गाडी ठणठणीत. पण फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीत निम्मा ऐवज इंजिनाच्या मागे आणि खाली असतो. तो झिजून कमी आणि दुर्लक्षाने जास्त बिघडतो. घरच्या घरी सर्वात सोपी देखभाल होते तीही त्याचीच.

अमेरिकेच्या विलीज कंपनीची जीप महिंद्राने 1949 मध्ये मुंबईत माझगावला जुळवायला सुरुवात केली. पुढची कित्येक दशकं तिचा सांगाडा फारसा बदलला नाही. ऐंशीच्या दशकातल्या एमएम 540 मध्ये प्यूजोच्या आराखड्याचं 2112 सीसीचं डिझेल इंजिन आलं, तरी खालचा संसार जुनाच राहिला: दोन्हीकडे सलग धुरे, पाटे, आणि चेसिसवर बोल्टांनी आवळलेलं सगळं काही. ना संगणक, ना सेन्सर. चटई टाकून खाली सरपटलं की जवळपास प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो आणि पान्याला सापडतो.

धाकट्या दांड्याची धास्ती मात्र अगदीच निराधार नाही. गाडी वळते तेव्हा पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा फेरा घेतात. या जीपमध्ये पुढच्या आणि मागच्या धुऱ्यांच्या मध्ये वेगातला फरक सांभाळणारा डिफरन्शिअल नसतो, त्यामुळे फोर-व्हील टाकलं की दोन्ही शाफ्ट एकाच वेगाने फिरतात. चिखलात चाकं थोडी घसरून हा फरक भरून काढतात. कोरड्या डांबरावर घसरायला वाव नाही, मग ताण शाफ्टमध्ये, त्याच्या सांध्यांतल्या क्रॉसमध्ये, गिअरच्या दातांत साठतो आणि दांडा अडकून बसतो. अशा वेळी दांड्यावर जोर काढण्यापेक्षा गाडी थोडी सरळ रिव्हर्स घ्यावी. पीळ उलगडला की दांडा सुटतो. चार चाकांना चार वेगळ्या झिजेचे टायर असतील तर हाच ताण सरळ रस्त्यावरही तयार होतो. म्हणून टायर बदलायचे ते एकाच मापाचे आणि शक्यतो चारही एकदम.

न वापरता जाम होणाऱ्या दांड्यावर औषध एकच. महिन्यातून एकदा मातीच्या किंवा ओल्या रस्त्यावर फोर-व्हील टाकून गाडी थोडी चालवायची, लो, म्हणजे धिम्या ताकदीचा गिअरही टाकून पाहायचा. विलीज घराण्याच्या ट्रान्स्फर केसमध्ये, म्हणजे पुढच्या-मागच्या धुऱ्यांना ओढ वाटणाऱ्या पेटीत, लो म्हणजे चाकांवरची ओढ 2.46 पट. दांड्याच्या सळ्या चिखल आणि गंजाने जाम होण्याआधी हलत्या राहतात. जिप्सीसारख्या फ्री-व्हील हबच्या गाडीत तर हब मोकळे असताना पुढचा डिफरन्शिअल फिरतच नाही. ऑइल तळाशी बसून राहतं, वरचे भाग कोरडे पडतात. अशा गाडीला हा महिन्याचा रतीब चुकवून चालत नाही.

कोकणातला किंवा मावळातला पावसाळा काढलेल्या जीपचं खरं रहस्य तिच्या धुऱ्यांच्या हाउसिंगमध्ये असतं. घाट उतरून तापलेला धुरा ओढ्याच्या गार पाण्यात बुडतो, आतली हवा आकसते आणि बाहेरून काहीतरी आत ओढून घेऊ पाहते. धुऱ्यावरच्या ब्रीदरमधून हवा यावी अशी सोय असते. तो चिखलाने बुजलेला असेल तर सीलच्या फटीतून पाणी आत शिरतं. महिन्याभराने गिअर ऑइल दुधाळ कॉफीसारखं दिसू लागतं, आणि तोवर बेअरिंगवर गंज धरलेला असतो. ब्रीदरला रबरी नळी जोडून तिचं टोक बॉडीपर्यंत वर नेलं, की पुष्कळसा प्रश्न मिटतो. इतक्या स्वस्तात इतका मोठा खर्च वाचवणारं दुसरं काम या गाडीत क्वचितच असेल.

ऑइल बदलताना क्रम महत्त्वाचा. आधी भरायचा बूच उघडतो का ते पाहायचं, मगच खालचा. उलट केलं आणि वरचा गंजून बसलेला निघाला, तर धुरा रिकामा आणि गाडी जागच्या जागी. दुकानात ‘नव्वद नंबर’ मागितलं की डबा मिळतो, पण त्यावरचा दर्जाही वाचावा. डिफरन्शिअलमधल्या क्राऊन-पिनियनला जीएल-5 लागतं. सिंक्रोमेश गिअरबॉक्सला जीएल-4 बरं, कारण जीएल-5 मधली काही रसायनं आतल्या पितळी रिंगा खाऊ शकतात.

ग्रीसचं काम कंटाळवाणं, म्हणूनच ते राहून जातं. क्रॉस, पाट्यांच्या पिना, स्टिअरिंगचे सांधे अशा ठिकाणी निपल असतात. आधी ते पुसायचे, नाहीतर गन तोंडावरची माती थेट आत ढकलते. मग जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत भरायचं. निपल बुजला असेल तर काढून नवा लावायचा, फार महाग नसतो. गाडी सुटताना ‘टक्’ असा आवाज येत असेल तर आधी शाफ्ट हाताने पिळून पाहावा. क्रॉसमधला ढिलेपणा लगेच कळतो.

खाली शिरण्याआधी एक गोष्ट पक्की माहीत हवी. विलीज धाटणीच्या जुन्या जीपमध्ये हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्स्फर केसमागे शाफ्टवर असतो. मागचं एक चाक जॅकवर उचललं की डिफरन्शिअलमुळे जमिनीवरचं चाक एका दिशेने आणि उचललेलं उलट दिशेने फिरू शकतं. शाफ्ट जागचा हलत नाही आणि हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी घरंगळते. गिअरमध्ये ठेवूनही तेच. म्हणून चाकांना दगड आणि चेसिसखाली घोडी लावल्याशिवाय अंग खाली घालू नये. बऱ्याच जुन्या जीपांच्या डाव्या चाकांचे आटे उलटे असतात, हेही पान्याला लांब पाइप लावून नट तोडण्याआधी तपासावं.

डिझेल फिल्टर घरी बदलता येतो. नंतर इंजिन सुरू होत नाही म्हणून घाबरण्याचं कारण नसतं, लाइनमध्ये हवा अडकलेली असते. ब्लीड स्क्रू ढिला करून फीड पंप हाताने मारत राहायचा. बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं की आवळायचा. नोझल आणि डिझेल पंपाचं सेटिंग मात्र पंपवाल्याकडेच. क्राऊन-पिनियन बसवणं हेही शिमच्या मिलिमीटरच्या अंशांचं काम आहे. चुकलं तर धुरा रडायला लागतो आणि दात जातात. ब्रेकच्या नळ्या घरी तपासाव्यात, शंका आली तर लगेच बदलून घ्याव्यात: जुन्या जीपमध्ये चारही चाकांना एकच सर्किट असतं, एक नळी फुटली की पेडल तळाला.

सुटे भाग अजून मिळतात. पुण्यात नाना पेठ आणि मुंबईत ऑपेरा हाउस, कुर्ला इथे जुना भाग हातात घेऊन गेलं तर जोडी लागते. सीलवरचा नंबर लिहून नेला तर आणखी लवकर. राहता राहिलं आरटीओ. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांनी नूतनीकरणाला येते, पुढे दर 5 वर्षांनी. तिथे चेसिसवर ठोकलेला नंबर पडताळतात, आणि चिखलाखाली वर्षानुवर्षं गंजलेल्या पट्टीवर तो कधी वाचता येईनासा होतो. ग्रीस भरून झालं की त्या नंबरवर चिंधीने ग्रीसचा पातळ हात फिरवून ठेवावा. तपासणीच्या दिवशी रॉकेलच्या बोळ्याने तो पुसला की आकडे स्वच्छ दिसतात.