आर्किटेक्ट व्हायचे आहे? तयारी दहावीपासूनच हवी

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या बँकेत शैक्षणिक कर्जाची चौकशी करणाऱ्या पालकांची वर्दळ सुरू होते. मेडिकल आणि इंजिनिअरिंग या दोन शब्दांपलीकडे बहुतेकांची विचारणा जात नाही. एखादा विद्यार्थी 'आर्किटेक्चर' म्हणालाच तर सोबतचे वडील आम्हाला विचारतात, "साहेब, म्हणजे नकाशेच काढायचे ना? त्याला पाच वर्षे कशाला?" आम्ही स्वतः कला शाखेचे पदवीधर. या प्रश्नाचे उत्तर आम्हालाही फार उशिरा कळले, आणि त्याची किंमत दुसऱ्याने मोजली. म्हणून हा लेखनप्रपंच.

2009 साली आमच्या नात्यातील एक मुलगा दहावी झाला. एलिमेंटरी व इंटरमिजिएट या दोन्ही चित्रकला परीक्षांत त्याला 'अ' श्रेणी होती. त्याला आर्किटेक्ट व्हायचे होते. घरात शिकलेले म्हणून सल्ला आमचा घेतला गेला. आम्ही सांगितले, "चित्रकला चांगली आहे, कला शाखा घे." बारावीनंतर चौकशी केली तेव्हा कळले की गणिताशिवाय हा दरवाजा उघडतच नाही. मुलाने पुढे आयटीआयमधून ड्राफ्ट्समनचा अभ्यासक्रम केला. आज तो एका आर्किटेक्टच्या कार्यालयात काम करतो. नकाशा त्याच्या हातचा असतो, सही दुसऱ्याची. तो आम्हाला कधी दोष देत नाही. पण आम्ही स्वतःला देतो.

आर्किटेक्ट म्हणजे नेमके कोण? ड्राफ्ट्समन ठरलेली रचना कागदावर किंवा संगणकावर अचूक उतरवतो. सिव्हिल इंजिनिअर इमारत भार पेलेल कशी, याचे गणित मांडतो. आर्किटेक्ट मात्र त्याआधीचा प्रश्न सोडवतो : या जागेत, या हवामानात, या पैशात, या माणसांनी राहायचे कसे? दिशा पाहून दरवाजे फिरवण्याच्या 'वास्तुशास्त्रा'शी या विद्येचा संबंध नाही. आपल्या देशात 1972 च्या आर्किटेक्ट्स कायद्यानुसार कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असलेल्या व्यक्तीलाच 'आर्किटेक्ट' ही उपाधी लावता येते. नोंदणीसाठी मान्यताप्राप्त पदवी लागते. त्या मुलाची सही का चालत नाही, याचे उत्तर यात आहे.

ही पदवी म्हणजे बी. आर्क., पूर्ण पाच वर्षांची. प्रवेशासाठी बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित अनिवार्य आहेत. तिसरा विषय रसायनशास्त्र किंवा ठरवून दिलेल्या यादीतील दुसरा चालतो. तरी रसायन घेतलेले बरे, म्हणजे इतर वाटाही मोकळ्या राहतात. दहावीनंतर गणितासह तीन वर्षांची पदविका केलेल्यांनाही संधी आहे. याशिवाय अभियोग्यता परीक्षा द्यावी लागते. कौन्सिलची 'नाटा' ही परीक्षा 2006 पासून घेतली जाते. दुसरी म्हणजे जेईई मेनचा पेपर दोन; नागपूरची व्हीएनआयटी किंवा दिल्ली, भोपाळ, विजयवाडा येथील स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर येथे जायचे तर ती द्यावी लागते. खरगपूर व रुरकी येथील आयआयटीत जेईई ॲडव्हान्सड आणि त्यानंतरची वेगळी परीक्षा लागते. महाराष्ट्रातील महाविद्यालयांचे प्रवेश राज्य सीईटी कक्षाच्या केंद्रीय फेऱ्यांतून होतात. मुंबईच्या सर जे. जे. मधील वास्तुकलेच्या शिक्षणाची सुरुवात तर 1896 साली ड्राफ्ट्समनांच्या वर्गानेच झाली होती.

या परीक्षांसाठी महागडा क्लास लावलाच पाहिजे असे नाही. एक वही, दोन पेन्सिली आणि रोजचा अर्धा तास पुरे. आपल्या घराचा जिना, गल्लीचे वळण, बसथांब्यावरची माणसे काढावीत. खोली पावलांनी मोजावी आणि तिचा आराखडा प्रमाणात काढावा. सुटीत कार्ल्याच्या लेण्यांत जावे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे, जवळजवळ 38 मीटर लांबीचे ते चैत्यगृह अखंड खडकात कोरलेले आहे. तरीही छताला लाकडी कमानी आहेत. दगडाच्या छताला लाकडाचा आधार कशाला? कारण त्याआधी अशी गृहे लाकडातच बांधली जात. कारागिरांनी ती पद्धत दगडात आणली. दर्शनी भागातील मोठ्या कमानदार गवाक्षातून प्रकाश आतील स्तूपापर्यंत कसा पोचतो, हे तिथे बसून कागदावर उतरवावे. पाहणे आणि 'का' विचारणे हीच या परीक्षेची खरी तयारी होय.

पाच वर्षांत काय शिकवतात? दर वर्षी डिझाइन हा मुख्य विषय. त्याबरोबर बांधकाम व साहित्य, संरचनाशास्त्र, पाणी-वीज-सांडपाण्याच्या सोयी, हवामान, वास्तुकलेचा इतिहास, खर्चाचे अंदाजपत्रक आणि व्यवसायाचे नियम. एका सत्रात प्रत्यक्ष कार्यालयात काम करावे लागते आणि शेवटी प्रबंध. आपले काम परीक्षकांपुढे उभे राहून समजावून सांगावे लागते, त्याला 'ज्युरी' म्हणतात. इंग्रजीत बोलायची भीती बाळगणारी आपली मुले इथे मागे पडतात. रात्र-रात्र जागून केलेले मॉडेल काही मिनिटांत नाकारले जाते, आणि पुन्हा करावे लागते. ही अवहेलना नव्हे, ती शिकवण्याची रीतच आहे, हे पालकांनीही समजून घ्यावे.

आता आमच्या खात्यातला विषय, पैसा. फीशिवाय कागद, मॉडेलचे साहित्य, अभ्यासदौरे आणि चांगला लॅपटॉप हा खर्च मोठा असतो. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, उत्पन्न मर्यादेपेक्षा जास्त असल्यास फ्रीशिप, तसेच वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मात्र मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश घेतला की शिष्यवृत्तीचा लाभ मिळत नाही, हे विसरू नये. जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज अकरावीतच करावा. ऐन प्रवेशाच्या वेळी धावपळ करून ते हाती येत नाही. शैक्षणिक कर्जात पालक सहकर्जदार असतात. केंद्राच्या हमी योजनेखाली 7.5 लाख रुपयांपर्यंत सर्वसाधारणपणे तारण मागितले जात नाही. हप्ते अभ्यासक्रम संपल्यावर साधारण वर्षाने सुरू होतात, पण व्याज पहिल्या रकमेपासूनच चढते. शक्य असेल त्यांनी शिकतानाच ते भरत जावे.

पदवीनंतर लगेच मोटार-बंगला मिळेल या भ्रमात राहू नये. सुरुवातीची काही वर्षे पगार बेताचाच असतो. त्यानंतर स्वतःचे कार्यालय, सार्वजनिक बांधकाम विभाग, सिडको, म्हाडा, महानगरपालिका, नगररचना, पुरातन वास्तूंचे जतन, अध्यापन अशा वाटा आहेत.

या व्यवसायाचे समाजाशी काय नाते, याचे एक उदाहरण देतो. पुण्यात 1927 साली जन्मलेले बाळकृष्ण दोशी जे. जे. मध्ये शिकले. 2018 साली वास्तुकलेतील प्रित्झकर पुरस्कार मिळवणारे ते पहिले भारतीय. 2023 साली त्यांचे निधन झाले. इंदूरच्या अरण्य वसाहतीत त्यांनी गरीब कुटुंबांना पूर्ण घर न देता जोते, संडास-न्हाणी आणि एखादी खोली एवढेच दिले. पुढचे घर ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे वाढवावे, अशी रचना केली. चाळीत आणि झोपडपट्टीत वाढलेल्या मुलाला दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसे कशी झोपतात, हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. असे अनुभव असलेली माणसे या व्यवसायात अधिक संख्येने आली, तर उद्याच्या वस्त्या वेगळ्या दिसतील.

संस्थेच्या सभासदांना आमची एकच विनंती. मुलाची चित्रकलेची वही पाहून केवळ "छान" म्हणून थांबू नका. त्याच्या गणिताच्या वहीचीही चौकशी करा. अकरावीचा अर्ज भरण्यापूर्वी जाणकाराला विचारा. आमच्या नात्यातील त्या मुलाने दर रविवारी सकाळी संस्थेच्या सभागृहात आठवी ते बारावीच्या मुलांना चित्रकला शिकवण्याचे मान्य केले आहे. फॉर्म आणि कर्जाच्या कागदपत्रांसाठी आम्हीही तेथे बसू. चुकीचा सल्ला आम्ही एकदा दिला आहे. तो पुन्हा कोणाच्या वाट्याला येऊ नये, एवढीच इच्छा.