ॲसिटिलीन आणि धातूंची जोडी

कार्बाइडवर पाणी पडले की उग्र वासाचा वायू निघतो. वेल्डिंगवाले तोच जाळतात. त्याचे नाव ॲसिटिलीन. त्याच्या रेणूत कार्बनचे दोन अणू तीन बंधांनी जोडलेले असतात. अशा संयुगांना अल्काइन म्हणतात. तीनपैकी दोन बंध तुलनेने कच्चे असल्यामुळे अल्काइन इतरांशी चटकन जुळतात.

मुंबईच्या आय.आय.टी.मध्ये प्रा. प्रदीप माथुर यांनी या विषयावर दीर्घकाळ संशोधन केले. पुढे ते मध्य प्रदेशातील इंदूर आय.आय.टी.चे पहिले संचालक झाले. लोखंडासोबत मॉलिब्डेनम किंवा टंगस्टन असे वेगवेगळे धातू एकाच रेणूत गुंफून त्यांनी त्यांची अल्काइनशी क्रिया घडवली. शेजारी-शेजारी असलेले धातू अल्काइनला मिळून धरतात. त्यामुळे त्याचा तिहेरी बंध सैल होतो आणि कधी दोन अल्काइन एकमेकांना जोडले जाऊन मोठा रेणू बनतो. उत्प्रेरक कसे काम करतात हे समजण्यास अशा अभ्यासाची मदत होते.

हाच वायू बेसावध हातात मात्र घातक ठरतो. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात ‘कार्बाइड गन’मुळे अनेक मुलांच्या डोळ्यांना इजा झाली. कार्बाइडने फळे पिकवण्यासही कायद्याने बंदी आहे, कारण त्यात आर्सेनिक व फॉस्फरसचे अंश असू शकतात.

पालकांनी कार्बाइड मुलांच्या हाती पडू देऊ नये. विद्यार्थ्यांनी प्रयोग शाळेतच, गुरुजींसमोर करावेत. जिज्ञासा हवीच, पण डोळे सांभाळून!