क्वेसारची यजमान दीर्घिका कशी शोधतात?
वणीतून रात्री सप्तशृंग गडाकडे बघताना समोरच्या गाडीचा हेडलाइट डोळ्यांवर आला, की अख्खा डोंगर दिसेनासा होतो. क्वेसारचं तसंच आहे. कृष्णविवरात पडणारं द्रव्य इतकं तळपतं, की भोवतालची दीर्घिका त्या उजेडात बुडते.

मग ती शोधायची कशी? पहिला मार्ग प्रतिमेचा. त्याच फोटोतला एखादा तारा घ्या. तारा म्हणजे बिंदूच. दुर्बीण आणि वातावरण तो बिंदू कसा पसरवतात, ते त्यावरून कळतं. तेवढा पसारा क्वेसारमधून वजा केला, की दीर्घिकेचा प्रकाश उरतो. पण वजाबाकी जरा चुकली, तर नसलेली दीर्घिकाही 'दिसते'!

म्हणून वर्णपट हवा. १९८२ साली बोरोसन आणि ओक यांनी ३सी ४८ या क्वेसारशेजारच्या अंधुक उजेडाचा वर्णपट घेतला. त्यात ताऱ्यांच्या शोषणरेषा सापडल्या, आणि त्यांची ताम्रसृती क्वेसारइतकीच, सुमारे ०.३७. म्हणजे तारे आणि क्वेसार एकाच ठिकाणचे. क्वेसारची ताम्रसृती अंतरामुळेच असते का, हा जुना वाद. जयंत नारळीकरांनीही पर्यायी शक्यता तपासल्या होत्या. अशा वादात या रेषांना फार वजन येतं.

तेव्हा वजाबाकीनंतर फोटोत काही उरलं, तर आधी विचारा: याचा वर्णपट काय सांगतो?